जांभळ्या पाण्याचा हंगाम

खळ्यात सुपारी पसरली, की आमच्या गावातली माणसे नव्याने चालायला शिकतात. मार्गशीर्षापासून शिमग्यापर्यंत प्रत्येक अंगणात केशरी फळांचा सडा असतो, आणि त्यातून वाट काढताना सत्तरी ओलांडलेली माणसेसुद्धा चवड्यांवर, हात पसरून, तोल सावरीत जातात. आज सकाळी मीही तसाच एका पायावर उभा होतो. तापलेल्या सालींचा आंबूस-गोड वास नाकात शिरला, आणि गेल्या वर्षीचा हाच हंगाम एकदम समोर उभा राहिला. तो रागाने सुरू झाला होता. पुढे मात्र असा पालटला, की बाहत्तर वर्षांच्या माणसाला शोभणार नाही इतक्या अधीरतेने मी त्याचा एकेक दिवस जगलो.

गावाचे नाव लिहीत नाही. दिवेआगर आणि श्रीवर्धन यांच्या मधल्या किनाऱ्यावर कुठेतरी, एवढे पुरे. ज्यांच्यावर मी चिडलो, त्यांना आपली बाजू मांडण्याची सोय या लेखात नाही, आणि दुसऱ्या पक्षाला न ऐकता निकाल देणे मला मान्य नाही. दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून हयात घालवल्यावर एवढी खोड अंगात मुरणारच. गाव मला 'अर्जवाले अण्णा' म्हणते. ते कौतुकाने नव्हे, हे मला ठाऊक आहे. माझे वडील भाताच्या खाचरात राबणारे. धम्मदीक्षा घेतल्यावर अक्षरे शिकले आणि माझ्या पहिल्या पगारातून घराच्या भिंतीवर संविधानाच्या उद्देशिकेची चौकट लावली. ते म्हणत, "बोललेला राग वाऱ्यावर जातो. लिहिलेल्या रागाला आवक क्रमांक मिळतो." मी तो सल्ला जन्मभर पाळला. माझ्या रागांचे आवक क्रमांक एका लोखंडी पेटीत आहेत.

त्यांतले निम्मे गावच्या व्हाळावर खर्ची पडले. व्हाळ म्हणजे डोंगरातून उतरून वाड्यांमधून समुद्राकडे जाणारा लहानसा ओढा. माझ्या वडिलांच्या लहानपणी त्यातले पाणी ओंजळीने पिण्याचा अधिकार गावातल्या सगळ्यांना नव्हता. तो अधिकार भांडून मिळाला, मार खाऊन मिळाला. मी शाळेतून येताना त्याच पाण्यात पाय सोडून बसलो आहे; बोटांना मासे लुचत, आणि सुपारीची झावळी पाण्यावरून अशी हले, की तळाची वाळू श्वास घेते आहे असे वाटे. मग ते चक्रीवादळ आले. एका दुपारी वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. जिथे माडपोफळी पडल्या, तिथे पुन्हा रोपे लावून दहा वर्षे वाट पाहण्याची ताकद सगळ्यांत नव्हती. तिथे पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिल्या. मी त्यांना दोष देत नाही. परंतु खोल्यांना संडास असतात, न्हाण्या असतात, मासे तळायच्या कढया असतात, आणि त्या सगळ्याचे पाणी कुठे जाईल, हा प्रश्न बांधकामाच्या नकाशावर कोणीही विचारला नाही. ते व्हाळात गेले. व्हाळ काळा झाला. ज्या पाण्याला हात लावण्यासाठी आमच्या माणसांनी मार खाल्ला, त्या पाण्याला आता कोणत्याच जातीचा माणूस हात लावेना. ही समता मला नको होती.

मी लिहिले. पंचायतीला लिहिले, तहसीलला लिहिले, जिल्ह्याला लिहिले. पर्यावरणाचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, हे एक्कावन्न-अ कलमातले वाक्य तर माझ्या पेनाला पाठ झाले. उत्तरे आली: 'आपला अर्ज पुढील उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे वर्ग करण्यात आला आहे.' संबंधित कोण, हे त्या वाक्याला माहीत नव्हते. शेवटी सरपंच दत्ताभाऊंनी तोडगा काढला. मोठा पाईप टाकायचा आणि सगळा काळा व्हाळ कोळीवाड्याच्या पलीकडे, होड्या लागतात त्या बंदराशी समुद्रात सोडायचा. "अण्णा, वास गेला म्हणजे झालं ना?" ते म्हणाले. घाण एकाच्या दारातून काढून दुसऱ्याच्या दारात नेणे म्हणजे निर्मूलन नव्हे, ते स्थलांतर आहे, असे मी लेखी कळवले. निर्णय शिमग्यानंतरच्या विशेष ग्रामसभेत व्हायचा होता.

नेमक्या त्या दिवसांत, सुपारीचा पहिला सडा पडला तेव्हा, सुलभाताईंच्या वाडीमागे व्हाळाच्या काठी सहा पारदर्शक पेट्या उभ्या राहिल्या. सुलभाताईंच्या तीन खोल्या पर्यटकांना असतात, त्यामुळे त्या माझ्या अर्जांतल्या जुन्या प्रतिपक्ष. मी खिशात कागद घेऊन तरातरा गेलो. तिथे एक तरुण बाई चिखलात गुडघे टेकून नळी जोडत होती. नाव प्रज्ञा, तळा गावच्या शाळेतल्या गुरुजींची मुलगी, एका विद्यापीठात संशोधन करणारी.

"परवानगी?" मी विचारले.

"जय भीम, काका," ती हात पुसत म्हणाली आणि पिशवीतून फाईल काढली. "तुम्ही याल असं सगळ्यांनी सांगितलंच होतं."

फाईल मी तिथेच उभ्याने वाचली. जागामालकाची संमती, पंचायतीचा ठराव, किनारा नियमनाची नोंद, प्रत्येक कागदावर पान क्रमांक, आणि सुरुवातीला अनुक्रमणिका. अनुक्रमणिका! ज्या माणसाने उभा जन्म पाने निसटलेल्या फायली हाताळल्या, त्याला अशी फाईल दिसणे म्हणजे काय, हे इतरांना समजणार नाही. माझा राग जागच्या जागी उभा राहिला. त्याला पुढे जायला वाट सापडेना.

"यात करणार काय?" मी जरा खालच्या आवाजात विचारले.

"जीवाणू पाळणार आहे," ती म्हणाली. "जांभळे."

त्यानंतरच्या दिवसांत तिने मला जे सांगितले ते इतक्या वर्षांच्या वाचनात माझ्या कधी वाटेला आले नव्हते. हे जीवाणू हिरव्या पानाहूनही जुने. झाडाने ऊन खायला शिकण्याच्या आधीपासून ते ऊन खात आहेत. आणि तेही कोणते ऊन? आपल्या डोळ्यांना जे दिसतच नाही ते, जे फक्त कातडीला ऊब म्हणून कळते ते. त्यांना हवा नको. ऊन हवे आणि घाण हवी. घाणीतले अन्न ते कुजवून हवेत उडवून देत नाहीत, आपल्या अंगाला लावून घेतात. नत्र आणि स्फुरदसुद्धा. मग तळाशी साका बसतो तो त्यांच्याच शरीरांचा, आणि तो झाडाच्या मुळाशी घालून पाहता येतो. पेटीत कोळशासारख्या काळ्या दांड्या होत्या आणि त्यांना छोट्या सौर तावदानातून अगदी किंचित वीज दिलेली होती. का, असे मी विचारले.

"काका, जेवण पचवताना यांच्याजवळ इलेक्ट्रॉन जास्त झाले तर ते दांडीला देऊन टाकतात. कमी पडले तर दांडीकडून घेतात. वीज कमी-जास्त करून आपण त्यांना सांगायचं, आता अंग वाढवा, आता थोडा हायड्रोजन सोडा."

"म्हणजे ही देवघेव उभय पक्षांच्या संमतीने?"

"संमतीने आणि साक्षीदारासमोर," ती हसली आणि मीटरकडे बोट दाखवले. काटा थरथरत होता. केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतका जीव विजेच्या तारेशी बोलत होता, आणि ते बोलणे त्या काट्यावर दिसत होते. मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिले. घरी जाताना सुपारीच्या सड्यातून मी सरळ पायांनी चाललो आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

पौषात पेट्यांचा रंग फिरू लागला. आधी गढूळ चहा, मग फिकट वीट, मग एका सकाळी कोकमाच्या आगळासारखा गर्द लाल-जांभळा. सकाळचे ऊन पेट्यांच्या आरपार जाऊन पलीकडच्या पोफळींच्या बुंध्यांवर पडे आणि बुंधे जांभळे होत. पहिल्या पेटीत पाणी काळे शिरे. सहाव्या पेटीनंतरच्या निथळण्याच्या टाकीतून जे बाहेर येई, त्यातून पलीकडे धरलेला कागद मी वाचू शकत होतो. कागद अर्थातच माझा अर्ज होता. मला रोज जायचे निमित्त लागे, आणि निमित्त सापडले नाही तरी मी जाई. पंचायतीचा पाणीपुरवठा आणि सफाई पाहणारा महादू, वयाने पन्नाशी ओलांडलेला, खांद्यावर फावडे टाकून तिथे थांबे.

"अण्णा, हल्ली अर्ज न्हाय का कुनावर? तब्येत बरी हाय ना?"

"तू आपले काम कर."

"करतोय की. तुमी सांगाल तसाच करतोय. नंतर बोलायला नको."

या शेवटच्या वाक्याकडे मी तेव्हा दुर्लक्ष केले.

शिमगा जवळ आला. आमच्याकडे त्या दिवसांत ग्रामदेवीची पालखी घरोघर येते, आणि ती येण्याआधी गाव असे झाडले-सारवले जाते, की वर्षभराचा केर एका दिवसात नाहीसा होतो. पालखी वाडीमागून जायची होती, त्याच्या आदल्या सकाळी मी नेहमीप्रमाणे पेट्या पाहायला गेलो. आणि थबकलो. सहाही पेट्या ताकासारख्या पांढुरक्या झाल्या होत्या. रंग गेला होता. मीटरचा काटा शून्यावर आडवा पडला होता. हवेत तरणतलावासारखा उग्र वास होता, आणि पेट्यांच्या कडांवर पांढरी भुकटी सांडलेली होती. टीसीएल पावडर, पंचायत विहिरीत आणि गटारात टाकते ती. जंतू मारायची पावडर.

प्रज्ञा पेटीजवळ उकिडवी बसली होती. ती रडत नव्हती. तिने नुसते वर पाहिले आणि ती म्हणाली, "काका, ग्रामसभेला दहा दिवस आहेत. दाखवायला काही उरलं नाही."

पाईप मंजूर होणार, हे त्याच क्षणी स्पष्ट झाले. पांढरे पाणी दाखवून कोणाला काय सांगणार? मी तिथेच दगडावर बसून महादूविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा सुरू केला. 'सार्वजनिक सेवकाने हेतुपुरस्सर...' एवढे लिहून होते तोच महादू स्वतः समोर आला, रिकामी बादली हातात घेऊन, चेहऱ्यावर काम उरकल्याचे समाधान.

"पालखी हितनंच जायाची," तो म्हणाला. "त्यो लाल चिखूल बगून देवी काय म्हनली असती? अर्धी अर्धी बादली घातलीय एकेकात. हयगय न्हाय केली."

"कोणाच्या हुकमाने?" मी ओरडलो.

"तुमच्या."

त्याने शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. पंचायतीचा स्थायी आदेश. 'प्रत्येक सणाच्या आदल्या दिवशी, जिथे जिथे सांडपाणी साचलेले असेल त्या प्रत्येक ठिकाणी, एकही जागा न वगळता व कोणताही अपवाद न करता, टीसीएल पावडर टाकण्यात यावी.' आणि खाली, संदर्भ म्हणून, माझे नाव. पाच वर्षांपूर्वीचा माझा अर्ज. शब्द न् शब्द माझा. 'कोणताही अपवाद न करता' हे तर मी तेव्हा दोनदा अधोरेखित केले होते, कारण कर्मचारी पळवाटा काढतात असा माझा अनुभव होता. महादूने पळवाट काढली नाही. आमच्या पंचायतीच्या इतिहासात एक आदेश तंतोतंत पाळला गेला, आणि तो हा.

मी मसुदा फाडला. असे मी आयुष्यात प्रथमच केले.

"अण्णा," महादू हळू आवाजात म्हणाला, "माझं चुकलं व्हय?"

"नाही," मी म्हणालो. "तू बरोबर केलेस. कायदा करताना मी झोपलो होतो."

प्रज्ञाने पेट्या रिकाम्या करून धुवायला घेतल्या. पावडरीचा अंश उन्हात उडून जाईल, ती म्हणाली, पण नवे जीवाणू वाढवायला मूळ बी लागते; तिचे बी विद्यापीठात होते आणि तिथून आणून रुळवेपर्यंत तीन आठवडे जाणार होते. "निदान एक बाटली जरी इथलीच, इथल्या पाण्याला सरावलेली मिळाली असती..."

इथे मला एक कबुली देणे भाग आहे. पौषात पाणी प्रथम लाल झाले, त्या सकाळी मला संशय आला होता, की प्रज्ञाने कपड्यांचा रंग ओतून गावाला फसवले आहे. तिची फाईल कितीही सुंदर असली तरी संशय हा संशय. म्हणून तिच्या नकळत मी दुसऱ्या पेटीतून एक बाटली काठोकाठ भरून घेतली होती, बूच मारले होते, त्यावर लाख ओतून माझी मोहोर उमटवली होती आणि चिठ्ठी चिकटवली होती: मुद्देमाल. मग माझाच संशय विरला, आणि लाजेने मी ती बाटली पूर्वेकडच्या खिडकीत पडद्यामागे ठेवून दिली. आमच्या सौ. रोज तिच्याभोवतीची धूळ पुसत आणि म्हणत, "ह्या आरोपीला जामीन कधी?"

मी हे सगळे प्रज्ञाला सांगितले. मान खाली घालून सांगितले.

"काठोकाठ भरलेली? हवा अजिबात नाही? आणि उन्हात?"

"पूर्वेकडच्या खिडकीत."

"काका!" ती किंचाळली. चिखलाच्या हातांनी तिने माझे दोन्ही दंड धरले. "याहून चांगली व्यवस्था मीसुद्धा केली नसती!"

आम्ही धावलो. खरोखर धावलो, मी धोतराचा सोगा हातात धरून, मागे महादू, त्यामागे काय झाले ते न कळलेल्या सुलभाताई. बाटली पडद्यामागून काढली तेव्हा ती जवळजवळ काळी वाटली. उन्हापुढे धरली, आणि आतून गर्द जांभळा प्रकाश फुटला. दोन महिने मी ज्यांना पुरावा म्हणून कोंडले होते, ते आत सुखाने नांदत, वाढत होते. माझ्या संशयाने त्यांना नेमके तेच दिले होते जे त्यांना हवे होते. हे आठवले, की मला आजही हसू येते आणि अंगावर काटाही येतो. मी उभ्या आयुष्यात ज्या गोष्टी बंद करून, मोहोर लावून ठेवल्या, त्यांच्या आत काय काय वाढत असेल, कोण जाणे.

प्रज्ञा बूच काढायला निघाली तसा मी तिला थांबवले. मोहोरबंद मुद्देमाल पंचनाम्याशिवाय उघडता येत नाही.

"अहो, मरतील ते!" सुलभाताई म्हणाल्या.

"दोन महिने जगलेत, पाच मिनिटे जगतील. पंच म्हणून सही करा."

"मी? जिच्याविरुद्ध तुम्ही अकरा अर्ज केलेत?"

"म्हणूनच. तुमच्या निःपक्षपातीपणावर कोणी शंका घेणार नाही."

दुसरी सही महादूने केली. लाख फोडली. मऊ, दलदलीसारखा वास आला, आमच्या सौ. नाकाला पदर लावून मागे सरकल्या आणि मला तो अत्तरासारखा वाटला.

फाल्गुनाचे कडक ऊन आमच्या बाजूने होते. बाटली आधी एका पेटीत मुरली, तिथून दुसरीत. तिसऱ्या दिवशी विटकरी झाक आली. पाचव्या दिवशी काटा हलला. शाळेचा निकाल पाहायला जाणाऱ्या मुलासारखा मी पहाट होताच जाई, आणि माझ्याआधी महादू तिथे पोहोचलेला असे. "आज ताव मारलाय," तो सांगे. "आज जरा मलूल हायत. ढग हाय ना." ज्या हातांनी त्याने पावडर टाकली, त्याच हातांनी तो पेट्यांच्या बाहेरची धूळ पुशी, ऊन अडायला नको म्हणून. नवव्या दिवशी पाच पेट्या जांभळ्या होत्या. सहावी अजून गुलाबीच होती. ती तशीच राहिली.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. दत्ताभाऊंनी पाईपचा नकाशा भिंतीवर लावला. मग मी उठलो. लोकांनी उसासे टाकले, कोणीतरी म्हणाले, "झालं, आता जेवण विसरा." मी कोणावर काहीच बोललो नाही. पावडरीचा आदेश माझ्या अर्जावरून निघाला, त्यात अपवादाची तरतूद मी ठेवली नाही, आणि त्यामुळे गावाचे नुकसान होता होता राहिले, एवढे मी वाचून दाखवले व तो आदेश दुरुस्त करावा अशी विनंती केली. मी चुकलो असे म्हणतो आहे, यावर बराच वेळ कोणाचा विश्वास बसला नाही.

प्रज्ञाने दोन काचेचे पेले मांडले, एकात व्हाळाचे पाणी, एकात शेवटच्या टाकीतले. सगळ्या खोल्यांचे पाणी अशा पेट्यांतून नेता येईल का, हे अजून सिद्ध व्हायचे आहे, असे तिने स्पष्ट सांगितले. एक वर्ष द्या, ती म्हणाली. "आणि हे पिऊ नका," तिने घाईने जोडले, कारण महादूचा हात पेल्याकडे निघाला होता.

"वर्षभर गावानं वास घ्यायचा?" दत्ताभाऊ म्हणाले. "पाईप उद्या पडतो."

मागून कोळीवाड्याच्या चंद्राबाई उठल्या. सकाळची मासळी विकून त्या थेट आल्या होत्या. पाटी अजून कमरेवर होती. "पडतो कुठं त्यो पाईप, सरपंच? माज्या होडीच्या तोंडाशी. तुमच्या पावन्यांनी हगायचं न् मी त्यात जालं टाकायचं? आन् तीच मासली परत तुमच्याच पावन्यांच्या ताटान! बगा, चालत असंल तर टाका पाईप."

हशा झाला आणि विरला. सुलभाताईंनी खोल्यांच्या मालकांकडे वळून पाहिले. "माझ्या तीन खोल्या जोडल्यात मी," त्या म्हणाल्या. "तुमचं बोला." एकाने पेला उचलून उजेडाकडे धरला, पुढच्याला दिला. तो पडवीभर फिरला. तेवढ्यात ठराव कोण लिहिणार, असा प्रश्न निघाला, आणि ग्रामसेवकांनी वही माझ्यापुढे सरकवली.

मी लिहायला बसलो. 'पाईपचा प्रस्ताव एक वर्ष स्थगित ठेवून सर्व खोल्यांचे सांडपाणी...' प्रत्येक शब्द तोलत होतो. अपवाद कुठे हवा, मुदत कशी मांडावी, पेट्यांना कोणी हात लावायचा आणि कोणी नाही. एखाद्या गोष्टीच्या विरुद्ध न लिहिता, तिच्या बाजूने कसे लिहितात, हे मला त्या क्षणी शिकावे लागत होते. दत्ताभाऊंनी मतदान पुकारले. पाईपवाल्यांचे हात आधीच मोजून झाले होते. आता ठरावाच्या बाजूचे हात एकेक करून वर जात होते, चंद्राबाईंचा, सुलभाताईंचा, मागच्या रांगेतल्या खोल्यांच्या मालकांचा. मला त्याचे भान नव्हते.

"सारखेच झालेत," दत्ताभाऊ म्हणाले.

"अवो अण्णा!" महादूचा आवाज आला. "हात वर करा की! लिव्हताय काय?"

मी मान वर केली. सारा गाव माझ्याकडे पाहत होता. उजव्या हातात पेन तसेच होते. पेनासकट हात वर केला.